मारुतीरावांच्या निळ्या काचा

"वारं म्हंजे माझ्या वखारीतला गडी हाय! ये म्हणलं की येतंय, जा म्हणलं की जातंय!"

मारुतीरावांच्या या बोलण्यात फार खोटं नव्हतं. निपाणीत तंबाखूच्या वखारी पुष्कळ. पण त्यांच्या वखारीत पानाला कधी बुरशी धरली नाही. झडप किती तिरकी ठेवली की वारं आत शिरून प्रत्येक थप्पीभोवती फिरतं, हे त्यांच्या बोटांना कळे.

या खेपेला मात्र वारं अडवायचं होतं. त्यांच्या बायकोची, अंबुबाईंची, छाती भरली होती. खोकला हटेना, ताप उतरेना. अंगावर मांस उरलं नव्हतं. निपाणीच्या डॉक्टरांनी हात टेकले. "बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आणि वाटेत वारं लागू देऊ नका. लागलं तर कठीण आहे."

घरी मोटार होती. पण ती लढाईच्या आधीची, वर कापडी टप आणि दोन्ही बाजू उघड्या! मारुतीराव तडक बेळगावला कॅम्पातल्या दुकानात गेले. मोटारीला बाजूनं लावायच्या, वारं अडवणाऱ्या काचा तिथं मिळत. पांढऱ्या होत्या, हिरव्या होत्या. त्यांनी निळ्या घेतल्या. अंबुबाईंचं आवडतं शहापुरी लुगडं त्याच रंगाचं होतं.

"आमचा मिस्त्री बसवून देईल," दुकानदार म्हणाला.

"वाऱ्याचं काम मला शिकवता व्हय? काचा बांधा तुमी!"

काचा त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवल्या. वाटेत कुणी चोरू नये म्हणून बोल्टांची टोकं हातोडीनं ठोकून चपटी केली. ड्रायव्हर यमनाप्पा दोनदा काही बोलायला पुढं आला.

"मालक, ह्या काचांची तोंडं..."

"यमनाप्पा, तू चाक फिरीव. वारं माझ्याकडं!"

सकाळी निघाले. मागं अंबुबाई गोधडीत, शेजारी लेक इंदू. तवंदीचा घाट मोटार म्हाताऱ्या बैलासारखी चढली. वारं अजिबात नाही!

"बघितलंस?" मारुतीराव पुढून अंबुबाईंकडं वळून म्हणाले.

घाट संपला, मोटारीनं वेग घेतला, आणि वारं आलं. नुसतं आलं नाही. उजव्या काचेनं आत शिरलं, अंबुबाईंच्या पायांपासून मानेपर्यंत फिरलं आणि सावकाश डाव्या बाजूनं बाहेर पडलं!

अंबुबाई खोकला आवरून म्हणाल्या, "अवं, मला वाळवाय काढलंय व्हय? तंबाखू हाय का मी?"

मारुतीरावांनी काचांकडं पाहिलं. मागं हवी होती ती दोन्हींची तोंडं पुढं, वाऱ्याला या म्हणणारी. अगदी वखारीच्या झडपांसारखी! हातांनी डोक्याला न विचारता जन्मभराचं काम करून टाकलं होतं.

"फिरीव रं यमनाप्पा उलट्या!"

"कशा फिरवू, मालक? बोल्ट तुमीच ठोकलासा."

मग जे हाताला लागलं ते अंबुबाईंच्या अंगावर गेलं. दुसरी गोधडी, घोंगडं, इंदूची शाल. कानांत कापसाचे बोळे. वारं तोंडात जाऊ नये म्हणून मारुतीरावांनी आपल्या फेट्याची पट्टी अंबुबाईंच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधली. खोकल्यासाठी इंदूनं तुळशीचं पान तोंडात दिलं. अंबुबाईंना तेवढ्यात गुंगी आली, आणि पान ओठांत तसंच राहिलं.

संकेश्वरात मोटारीत पाणी घालायला थांबले, तेही अंबुबाईंच्या चुलतबहिणीच्या, राजाबाईच्या दारात. राजाबाई हसत आली, निळ्या काचेतून आत डोकावली. निळा चेहरा, कानांत कापूस, बांधलेली हनुवटी, ओठांत तुळस!

"अंबूआक्का गेली गंऽऽ! मला न भेटताच गेली गं!"

गल्ली गोळा झाली. एक म्हातारा डोळे पुसत यमनाप्पाला विचारू लागला, "कुठं न्हेतायसा? हितंच करूया की. बांबू माझ्याकडं हाईत!"

"अवं जित्ती हाय ती!" मारुतीराव ओरडले.

"असंच वाटतंय बाबा पैल्यांदा," म्हातारा मायेनं म्हणाला.

अंबुबाईंनी एक डोळा उघडला. पान जिभेनं आत ओढून चावलं.

"राजे, गळा लई चांगला हाय गं तुझा. जपून ठिव. लागंल."

राजाबाईनं पदर तोंडावर घेतला. आधी किंचाळली, मग हसू लागली. अंबुबाईही हसल्या, आणि हसता हसता इतक्या खोकल्या की कुणालाच पुढं हसता येईना.

संकेश्वरापासून मारुतीराव आत बसले नाहीत. मोटारीच्या पायरीवर उभे राहिले, एका हातानं टपाचा दांडा आणि दुसऱ्यानं पसरलेलं घोंगडं धरून. धोतर निशाणासारखं फडफडत होतं. वंटमुरीच्या घाटाच्या उतारावर इंदू रडवेली होऊन म्हणाली, "आप्पा, आत या. पडशीला!"

"वारं लागतंय का तिला, ते सांग!"

"न्हाय."

"मग गप!"

दवाखान्याच्या दारात त्यांची बोटं दांड्यावरून सुटेनात. दात वाजत होते. डॉक्टर धावत आले आणि स्ट्रेचर घेऊन आधी त्यांच्याकडंच वळले!

"मी न्हाय वो," ते कसेबसे म्हणाले. "ती. वारं लागू दिलं न्हाय तिला."

त्या आठवड्यात यमनाप्पानं बोल्ट कापून काचा नीट फिरवून घेतल्या. त्याच आठवड्यात अंबुबाई गेल्या. बेळगावातच सगळं उरकलं.

परतताना वंटमुरीला वारं जराही आलं नाही. गोधड्या मागच्या सीटवर ठेवल्या होत्या, इंदू त्यांना धरून बसली होती. मारुतीराव सवयीनं मागं वळले, "बघितलंस?" म्हणाले, आणि पुन्हा पुढं बघू लागले.

संकेश्वरात थांबावंच लागलं. सांगायला हवं होतं. मारुतीराव उतरून शब्द शोधत उभे राहिले. तोवर राजाबाई बाहेर आली, निळ्या काचेतून आत गोधड्यांचा ढीग पाहिला आणि कमरेवर हात ठेवून खळखळून हसली.

"या येळंला मी रडायची न्हाय गं, अंबूआक्का! ऊठ!"

तिनं काचेवर टकटक केलं.

"ऊठ की गं!"