सोंगाड्या बंधूंच्या अखेरच्या थपडेची हकिकत

श्रीगजाननास वंदन करून, हसविणारांचे स्मरण करून, जे घडले ते लिहितो. शके १८७१, विरोधी नाम संवत्सर. छायापटांच्या राज्यात येसाजी आणि नागोजी हे सोंगाडे बंधू नामांकित होते. थोरले येसाजी यांणी थप्पड मारावी आणि धाकटे नागोजी यांणी कोलांटी खाऊन हौदात पडावे, आणि रयतेने पोट धरून हसावे, ऐसा वीस वर्षे अंमल चालिला. मग त्या साली नागोजींस अर्धांगवायू जाहला आणि डावे अंग गेले. राज्याचे धनी, म्हणजे छायापट काढणारे शेठ, बोलिले, "छायापटांची मोहीम थांबता नये, दुसरा माणूस उभा करा." तेव्हा हैबतराव नामे धष्टपुष्ट गृहस्थ आणिले. ते हात उगारताच डोळे मिटीत आणि म्हणत, "दादासाहेब, गालास जरा जपून." त्यायोगे हसू पिकेना, आणि धन्यांनी मोहीमच मोडली. येसाजींचे चित्त ठिकाणी राहीना. बसले तर उठत, जेवता जेवता ताटावरून उठून अंगणात फेऱ्या घालीत. आपल्याच थपडांनी भावाचे डोके खिळखिळे जाहले, हा किडा मनास लागला. वैद्यास तीनदा पुसिले, वैद्य तीनदा नाही म्हणाले, तरी स्वस्थता नाही.

मग सहा वर्षांनी जुने छायापट पुन्हा गावोगाव लागले, नवी रयत वेडी जाहली, आणि दोघांस समक्ष रंगमंचावर आणावे ऐसा आग्रह पडला. येसाजींनी साफ नाकारिले. नागोजी वायूने वाकड्या जाहलेल्या तोंडाने म्हणाले, "दादा, मी येतो. पण मारायचे खरे."

"वेड लागले काय? पडलास तर उठशील कसा?"

"ते पुढचे पुढे. तू हात आवरलास तर लोक हळहळतील. ते मला सोसायचे नाही."

मग भरल्या सभेत येसाजींनी डोळे भरून आले असता सणसणीत थप्पड दिली आणि नागोजी धाडकन पडले. सभा हास्याने गडगडली. परंतु नागोजींस उठवेना, उजवा हात फळ्या चाचपू लागला, आणि हसू विरू लागले. तेव्हा येसाजींनी स्वतःच्याच गालावर चपराक हाणिली आणि भावाशेजारी उताणे पडले. सभा दुप्पट हसली.

"लागले का रे?" येसाजींनी हळूच पुसिले.

"गप. हसू ओसरू दे, मग पडदा पाडायला सांग."

त्याउपरि नागोजी सव्वा वर्ष वाचले. येसाजी त्यांच्या मागे नऊ वर्षे होते, परंतु रंगमंचावर गेले नाहीत. कोणी पुसिले तर म्हणत, "मारू कोणाला?" इतके वर्तमान खरे जाणोन लिहिले.