उजेड हवा, ऊन नको

भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसताना आमचे शेजारी गुलाबराव अंगणात मेणबत्त्या मांडून बसायचे. पेटवत नसत. भिंतीला काचांचे तुकडे टेकवायचे, प्रत्येक तुकड्यामागे एक मेणबत्ती उभी करायची आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून बघत राहायचं. जिच्यामागची मेणबत्ती उन्हाने सगळ्यांत शेवटी मान टाकेल, ती काच चांगली. "बाई, या साक्षीले!" अशी हाक आली की मला जावंच लागे. समोरच्या घरातली सून मात्र लेकराला पदराखाली घेऊन पलीकडून जायची. तिला वाटे, काहीतरी करणी चालली आहे.

नातवंडांनो, तुमच्याकडे परदेशात थंडीसाठी खिडक्यांना दुहेरी काचा असतात. आमच्या जळगाव जामोदला उन्हासाठी तसल्या काचेचा ध्यास घेतलेला माणूस हा एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. उन्हाळाच मला आता झेपत नाही. त्यात गुलाबराव.

साठी उलटलेली, लग्न केलेलं नाही, सोनाळ्याकडची शेती ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रकमेवर, कसायला दिलेली. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळे जिजी म्हणतात. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. जिजीचे गुडघे गेल्यापासून तिची खाट पश्चिमेच्या खिडकीशी असते. खिडकी रस्त्यावर उघडते. बाजाराला निघालेली बाई तिथे दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

पण आमच्याकडे होळी झाली की खिडकी माणसांची राहत नाही, कुलरची होते. ते पत्र्याचं धूड बाहेरून खिडकीला चिकटतं आणि पावसाळ्यापर्यंत रस्ता दिसत नाही. मागच्या वर्षी जिजीने हट्टाने कुलर काढायला लावला आणि तिला ऊन लागलं. सलाईन लावून घरी आणलं, कुलर पुन्हा बसवला. मग जिजी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. ताट अर्धं परत येऊ लागलं. तेव्हापासून गुलाबरावांचं एकच पालुपद : "मले उजेड पाह्यजे, ऊन नाई पाह्यजे."

खामगावचा काचवाला हसून म्हणाला, "काका, ते दोघं एकाच घरचे. एकाले बोलावलं का दुसरा येतेच."

हा माणूस मग सुधारला नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून मंगल कार्यालयाच्या काचेला गाल लावून आला. एका घरी आम्ही दोघे भेटायला गेलो होतो. यजमान जाऊन तीनच दिवस झाले होते. बाई रडत होत्या. गुलाबराव बराच वेळ गंभीर बसले आणि मग हळूच विचारते झाले, "वहिनी, ही खिडकी पश्चिमेची हाय काय?"

काचांची माहितीपत्रकं इंग्रजीत. ती माझ्याकडे. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण एकच परिच्छेद इतक्या वेळा कुठल्या वर्गाला समजावला नाही. दोन काचा, मधे कोंडलेली कोरडी हवा, आणि एका काचेला डोळ्यांना न दिसणारा धातूचा थर. ऊन परतवतो, उजेड आत सोडतो.

"दिसत नाई तं लावला हे कसं समजावं?" गुलाबराव विचारत.

"मेणबत्तीला विचारा," मी थकून म्हणे.

काळी फिल्म त्यांनी नाकारली. जिजीला दिवसाच तिन्हीसांजा होतील म्हणून. आरशासारखी काच स्वस्तात मिळत होती, तीही परत केली. "बाहेरून जिजी दिसली नाई तं लोक राम राम कोनाले करतीन, बाई? सोताले?"

शेवटी ती दुहेरी काच आली. कारागीर उघडझाप करणारी झडप ठेवू म्हणत होता. गुलाबरावांनी हात जोडले : "एक फट नाई पाह्यजे. फटीतून ऊन घुसते." काच चौफेर पक्की बसली, कुलर उत्तरेच्या खिडकीला गेला. भर वैशाखात खोली गार, रस्ता लख्ख. आम्ही चहा घेतला. मी मनात म्हटलं, सुटले.

तेवढ्यात भाजीवाली कुसुम खिडकीशी थांबून काहीतरी बोलली. हसली. पुन्हा बोलली. जिजी कानामागे हात धरून बघत राहिली.

"गुलाब," ती म्हणाली, "गाव मुकं झालं रे."

गुलाबरावांचा चेहरा मला बघवेना. चहा तसाच टाकून ते बाहेर धावले. "काय म्हनलं तुनं? पुरं सांग!" ऐकून आत आले. "जिजी, तिची पोरगी आली माहेराले. दिवस हायेत." जिजीने विचारलं, कितवा? ते पुन्हा बाहेर.

तेव्हापासून हेच चाललं आहे. ज्याला काचेखेरीज विषय नव्हता, तो माणूस ओट्यावर उन्हात बसून कोणाच्या सुनेचं काय आणि कोणाची म्हैस कधी व्याली हे गोळा करतो आणि आत नेतो. जिजी अर्धा अर्धा तास खोदून विचारते. भिंतीतून मला ऐकू येतं. इतकी वर्षं त्या भिंतीतून भांड्यांचेच आवाज यायचे.

मी मास्तरीण. न राहवून म्हटलं, "गुलाबराव, झडप बसवून घ्या ना आता."

"बसवतो ना. कारागिराले सांगतलंच हाय," म्हणाले आणि दुपट्ट्याने काच पुसत राहिले.

परवा मी जिजीकडे बसले होते. गुलाबराव बाहेर कोणाशी तरी बोलत होते.

"तो कारागीर आला होता काल," जिजी हळूच म्हणाली. "यानं दारातूनच वापस पाठवला. जिजी झोपली हाय म्हने, मंग या."

"आणि तुम्ही?"

"जागीच होती." तिने बाहेर भावाच्या पाठीकडे पाहिलं. "डोये मिटून घेतले."