जॅकवरच्या घरातली सभा

हे घडलं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली. राजधानी तेव्हा दरवर्षी थोडी थोडी खाली बसत होती आणि पाणी दरवर्षी थोडं थोडं वर येत होतं. दोघांची गाठ पडायची ती लोकांच्या स्वयंपाकघरात. ज्यांना परवडत होतं ते शहर सोडून गेले होते, बाकीच्यांनी घरं जॅकवर उचलून घ्यायचा सपाटा लावला होता आणि सरकारने एक समिती नेमली होती. राजधानी आहे तिथेच ठेवायची की लांबच्या कोरड्या पठारावर न्यायची, हे त्या समितीने ठरवायचं होतं.

या समितीची टंकलेखिका म्हणजे आपल्या गोष्टीतली सून. राजधानी हलली असती तर टाइपरायटरच्या मागोमाग तिलाही हलावं लागलं असतं. आणि नवरा बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा.

"तिकडे पठारावर मी काय दुरुस्त करू? ढग?" तो म्हणायचा.

"मग मी नोकरी सोडू?"

"तसं म्हणालो का मी?"

"मग काय म्हणालात?"

"मी कुठे काय म्हणालो?"

या पलीकडे चर्चा जात नसे. सासूबाईंना विचारावं तर त्या म्हणायच्या, "मी कुणाला अडवत नाही बाई. ज्यांना जायचं त्यांनी जावं." आणि पदर खोचून पुन्हा घर उचलायला आलेल्या जॅकवाल्याच्या अंगावर ओरडायला जायच्या. सुनेला त्याचंच जास्त लागायचं. इतकी वर्षं एका ओट्यापाशी काढल्यावर नुसतं 'राहा गं' म्हणायला काय जात होतं?

घर लाकडी, तीन खोल्यांचं. जॅकवाल्याने ते डोक्याएवढं वर उचललं होतं आणि खाली जाड ठोकळे रचत आणले होते. फक्त खिडकीच्या बाजूचे ठोकळे उद्या यायचे होते. असे पुष्कळ उद्या येऊन गेले होते. जिना तर त्याच्याही पलीकडच्या उद्याचा. तोवर वर चढायला शिडी. "हलक्या पावलानं वावरा, काही होत नाही," अशी त्याची हमी होती.

ज्या दिवशी समितीचा निकाल लागायचा होता, नेमकं त्याच सकाळी समितीच्या कार्यालयात पाणी शिरलं. सदस्य टेबलांवर उभे आणि खुर्च्या त्यांच्याभोवती तरंगताहेत, असा देखावा.

"समितीची मुदत आज संध्याकाळी संपते," अध्यक्ष टेबलावरून म्हणाले. "निर्णय आजच झाला पाहिजे. जवळपास कोरडी जागा कुठे आहे?"

"बाईंचं घर आहे ना, साहेब," शिपाई म्हणाला. "हवेतच आहे ते."

"साहेब, ते अजून जॅकवर आहे!" सून घाबरून म्हणाली.

"म्हणजे उंचावर. उत्तम!"

नवऱ्याला होडी घेऊन बोलावलं. अध्यक्ष, आठ सदस्य, टाइपरायटर आणि सून अशी वरात पाण्यातून घरापाशी आली. सदस्यांमध्ये एक गृहस्थ अंगाने इतके भरलेले होते, की कार्यालयातले लोक त्यांना पाठीमागे कपाटसाहेब म्हणत. त्यांना शिडीवर चढवताना दोघांनी खालून रेटलं आणि दोघांनी वरून ओढलं. घर कुरकुरलं. ती शिडीच कुरकुरली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"या, या," सासूबाई दारातच उभ्या होत्या. "चपला खालीच ठेवा, तेवढंच वजन कमी."

"मावशी, किती माणसं चढली हो?" खालून जॅकवाला ओरडला.

"सरकार चढलंय!" सासूबाईंनी उत्तर दिलं आणि त्या पडद्याआड स्वयंपाकघरात गेल्या.

सभा सुरू झाली. पुराचं पाणी, खचणारी जमीन, पठारावरची हवा यांवर भाषणं झाली. मग मतदान. हात वर करायची पद्धत समितीने केव्हाच बंद केली होती. काही सदस्य हात अर्धाच वर करत आणि नंतर दोन्ही बाजू त्या हातावर हक्क सांगत. म्हणून नियम असा होता, की राजधानी हलवावी म्हणणाऱ्यांनी एका भिंतीकडे जायचं आणि हलवू नये म्हणणाऱ्यांनी समोरच्या भिंतीकडे.

"हलवावी म्हणणारे खिडकीकडे," अध्यक्ष म्हणाले. "नको म्हणणारे दाराकडे."

सुनेने बोटं टाइपरायटरवर ठेवली. पाच जण उठून खिडकीकडे गेले. त्यात कपाटसाहेबही होते. दाराकडे तिघेच. संपलं, तिच्या मनात आलं.

आणि घर कललं. भिंतीवरचा आरसा भिंत सोडून लोंबकळला. टाइपरायटरचा रूळ आपोआप सरकत गेला आणि टिंग करून घंटी वाजली.

"अहो, कोण आहे खिडकीकडे?" खालून जॅकवाल्याची किंकाळी आली. "एक जण तरी दाराकडे व्हा! नाहीतर सगळे खाली याल, शिडीशिवाय!"

एवढं भरलेलं शरीर इतकं चपळ असू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. कपाटसाहेबांनी खिडकीपासून जी उडी घेतली, ती थेट दाराच्या चौकटीला मिठी मारूनच थांबली. घर सरळ झालं.

"चार आणि चार," सून टाइपरायटर सावरत म्हणाली. "अध्यक्षांचं मत, साहेब?"

अध्यक्ष खोलीच्या मधोमध उभे होते. ते पहिल्यापासून पठाराच्या बाजूचे. त्यांनी खिडकीकडे पाऊल उचललं. घर करकरलं. त्यांनी पाऊल मागे घेतलं, घर गप्प. पुन्हा उचललं, पुन्हा करकर, आणि आत स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं.

"साहेब, घरी बायकामुलं आहेत तुमची," कपाटसाहेब चौकट न सोडता म्हणाले.

अध्यक्षांनी दोन्ही पाय जवळ घेतले. "अध्यक्ष," ते म्हणाले, "आहेत तिथेच आहेत. तसंच टाइप करा."

मतं समसमान पडली तर राजधानी जागची हलवायची नाही, असं नियमात लिहिलेलं होतं.

सून चहा आणायला पडदा सारून आत गेली आणि थबकली. खिडकीच्या अंगाच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेलं पिंप ढकललेलं होतं. त्याला चिकटून, होडी बांधून वर आलेला तिचा नवरा, आणि सरकार बघायला आलेल्या शेजारच्या धिप्पाड शिंपीणकाकू. सगळ्यांसमोर हातात पळी घेऊन सासूबाई.

"आई! घर तुम्ही कलवलंत?"

"हळू बोल. आधी जरासं आपोआपच कललं. मग म्हटलं, आपणही हातभार लावावा."

"मला एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करायला लावलं," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"पण आई, तुम्ही तर कुणाला अडवत नव्हतात!"

"तू गेलीस तर त्या जॅकवाल्याशी माझ्या बाजूने भांडणार कोण? हा तुझा नवरा? हा त्याला चहा पाजतो."

सुनेने ट्रे उचलला, परत खाली ठेवला आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"अगं, जॅकवर आहोत आपण," सासूबाई म्हणाल्या. "एकाच बाजूला एवढं वजन टाकू नकोस." पण खांदा काही त्यांनी काढून घेतला नाही.

भिऊन उडी मारली, असं सांगायला कपाटसाहेबांची जीभ रेटेना. विवेकाला स्मरून आपण बाजू बदलली, असं ते सांगत सुटले, आणि सांगता सांगता त्यांचं स्वतःचंच मत पालटलं. पुढे शहराभोवती बांध आणि पंप झाले ते त्यांच्याच खटपटीने. त्यासाठी शहर अजून त्यांचं नाव काढतं. अध्यक्ष निवृत्त होऊन एकटेच पठारावर राहायला गेले आणि हवा चांगली आहे, पण बोलायला कुणी नाही, अशी तक्रार करत राहिले. जॅकवाल्याने सरकार पेलल्याची पाटी लावली आणि अर्धं शहर उचललं; ठोकळे मात्र शेवटपर्यंत उद्याच आणायचा. नवऱ्याने बंदरावर स्वतःची कर्मशाळा काढली. सून त्याच कार्यालयातून मानाने निवृत्त झाली.

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं सगळं सुनेनेच केलं. एकदा त्यांचे केस विंचरताना तिने विचारलं, "आई, तेव्हा तुमचा डाव फसला असता तर? गेली असती राजधानी, तर?"

सासूबाईंनी मान जरा तिच्याकडे वळवली.

"तर काय," त्या म्हणाल्या, "पठारावर मला थंडी सोसली नसती, तेवढंच. म्हणून माझा स्वेटर विणून ठेवला होता मी."