भेंडीला पाणी घालण्याच्या विविध पद्धती

सिल्वासाहून किलवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मराठी शाळा आहे आणि गेल्या दिवाळीच्या आधी त्या शाळेमागे भेंडीचा एक वाफा होता. शासकीय दृष्टीने ही बाब किरकोळ असली, तरी रमाकांत गवस यांच्या दृष्टीने नव्हती. सर मूळचे सावंतवाडीचे. कृषिशिक्षण हा विषय त्यांनी उभा जन्म फळ्यावर शिकवला. फळ्यावर ऊस लावला, गहू कापला, शेणखत पसरलं; हाताला लागला तो खडू. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलांना घेऊन त्यांनी खरी माती उकरली, आणि कोंब वर आला त्या संध्याकाळी आमली भागातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत शिरताशिरता ते ओरडले, "इलां गो, इलां!" नळाला पाणी आलं समजून बायको हंडा घेऊन धावली.

सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात परिपत्रक आलं. कृषिशिक्षण यापुढे प्रत्यक्ष कृतीतून आणि विविध पद्धतींनी द्यावं, असा हुकूम होता. सरांना तर आनंदच झाला. पण त्यासाठी शाळेत एक 'विविधता समन्वयक' नेमायचा होता, आणि ते पद सुनंदा मॅडमकडे गेलं. मॅडम मुंबईच्या, हुशार, आणि परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या. शेवटची ओळ अशी होती : 'एका घटकासाठी एकदा वापरलेली पद्धत पुन्हा वापरू नये. पुनरावृत्ती आढळल्यास शाळेचे गुण कापण्यात येतील.'

सोमवारी मुलांनी बादल्यांनी भेंडीला पाणी घातलं. घटक : पाणी देणे; पद्धत : प्रात्यक्षिक. मंगळवारी मुलं पुन्हा बादल्या घेऊन निघाली, तर मॅडमनी व्हरांड्यातच अडवलं.

"हे कालच झालं ना?"

"मॅडम, पाणी रोज लागतं," सर म्हणाले.

"पाणी लागेल हो. पद्धत रोज वेगळी लागते, त्याचं काय?"

म्हणून मंगळवारी भूमिकाभिनय झाला. अर्धी मुलं ढग झाली, अर्धी भेंडी. ढगांनी तोंडाने पाऊस पाडला आणि भेंडी आनंदाने डोलली. बुधवारी गटचर्चा झाली : भेंडीला पाणी घालावे काय? घालावे, असा ठराव एकमताने झाला आणि एवढं मोठं काम झाल्यावर घंटाच वाजली. गुरुवारी क्षेत्रभेट म्हणून मुलांना मसाटला एका कारखान्यापुढची हिरवळ दाखवून आणली. तिथे फवारे चालू होते. शुक्रवारी पाण्याचं गाणं बसवलं. त्याचा व्हिडिओ इतका गोड झाला, की तो मॅडमनी लगेच सगळीकडे पाठवला.

खऱ्या वाफ्यात ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. पानं माना टाकून बसली होती. चंदा नावाची मुलगी, तिचे वडील धुळ्याकडून मसाटला कामाला आलेले, सरांजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, भेंडी वाळी ऱ्हायनी. एक बादली टाकू का? कोनी देखत नही."

मधल्या सुट्टीत सरांनी स्वतः बादली भरली आणि वाफ्याकडे निघाले. मॅडम तिथे उभ्या होत्याच.

"हे कशात मोडतं, सर?"

"पाणी घालण्यात."

"मी पद्धत विचारते आहे."

सरांच्या मुख्याध्यापकपदाच्या शिफारशीसाठी मॅडमचा शेरा लागणार होता. "बादली दाखवायला आणली होती," ते म्हणाले आणि बादली जपून खाली ठेवली. चुकून थेंबभर सांडून पुनरावृत्ती व्हायला नको.

पुढच्या आठवड्यात तपासणी समिती आली. वाफ्यात काटक्या उभ्या होत्या. मॅडमचा चेहरा पडला. सरांना वाटलं, आता तरी कुणीतरी रागावेल. रागवावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"मुली, काय शिकलीस तू?" समितीच्या अध्यक्षांनी चंदाला विचारलं.

"पानी नही टाकं तर झाड मरी जातं."

अध्यक्ष भारावून सदस्यांकडे वळले. "पाहिलंत? हे पाठांतर नाही, हा अनुभव आहे! वाफा वाळवणे! ही पद्धत तर आमच्याही यादीत नाही." शाळेला पूर्ण गुण मिळाले. प्रत्येक शाळेने दरवर्षी एक वाफा वाळवावा, असं नवं परिपत्रक निघालं, आणि तो कसा वाळवायचा हे शिकवायला मुख्याध्यापक रमाकांत गवस यांची नेमणूक झाली. सर उत्तम शिकवतात. फळ्यावर. घरी मात्र त्यांनी भेंडीची भाजी खायचं सोडलं आहे, आणि बायकोने कारण विचारलं तर विषय बदलतात.

तो पाण्याच्या गाण्याचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. तुम्ही "किती गोड!" असं लिहून तो चार ठिकाणी पुढेही पाठवला असेल. त्यात मुलांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, भेंडी दिसते. तेव्हा ती जिवंत होती.