सायाळकाकूंचा आपोआप पंप

एका जंगलात वीज आलेली नव्हती, पण बॅटरी आलेली होती. असं कसं, हे विचारू नका बाळांनो. जंगल आहे ते.

तिथे ओढ्याकाठी सायाळकाकूंचा काकडीचा मळा होता. बाकीच्या सायाळी दुसऱ्यांच्या मळ्यात शिरतात. काकूंनी स्वतःचा लावला होता, म्हणून त्यांना भारी मान होता. ओढ्याच्या डोहात त्यांचा छोटासा पंप होता, उन्हावर भरणाऱ्या बॅटरीवर चालणारा. सकाळी काकू बटण दाबत, शेवटच्या वेलापर्यंत पाणी पोचलं की बंद करत आणि मग दिवसभर बिळात घोरत.

अडचण एकच होती. त्यांची लेक यमू डोंगरापलीकडे दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, तेही पहिलटकरीण. "आई, तू आल्याशिवाय मला धीर नाही," असा तिचा निरोप आला.

"जीव तुटतो गं, पण वेलींना पाणी कोण देणार?" काकूंनी काटे खळखळवले.

हे गुलाबराव वानरांनी ऐकलं. गुलाबराव शहरात एका दुरुस्तीच्या दुकानाच्या छपरावर राहून आले होते आणि छपरावरून जेवढं दिसतं तेवढं सगळं शिकले होते.

"काकू, टायमर लावू. तुम्ही खुशाल जा." त्यांनी हातातली डबी दाखवली.

"एवढीशी डबी पंप चालवणार?"

"डबी फक्त वेळ सांगणार. पंपाचा भार तिला झेपत नाही, जळून जाईल. म्हणून मध्ये हा रिले. टायमरने खूण केली की रिले टक् करतो आणि पंपाला करंट सोडतो."

"म्हणजे महाराजांनी भुवई उडवायची आणि प्रधानजींनी धावायचं."

"अगदी तसंच!"

दुसऱ्या दिवशी टक् झालं, पंप सुरू झाला. पुन्हा टक् झालं, बंद झाला. काकूंना भरून आलं. त्यांनी डिंकाचे लाडू गाठोड्यात बांधले.

पण त्याच दुपारी रेडे आले आणि डोह पिऊन गेले. सकाळी टायमरने इमानाने खूण केली, रिलेने इमानाने टक् केलं आणि पंप पाण्याविना घरघरून तापला. काकूंनी गाठोडं खाली ठेवलं.

"सोपं आहे," गुलाबराव म्हणाले. त्यांनी डोहात तरंगता गोळा सोडला. पाणी उतरलं की गोळा खाली येणार आणि दुसरा रिले पंप बंद करणार.

"आणि टायमरच बिघडला तर?" कावळेमास्तरांनी फांदीवरून विचारलं.

गुलाबरावांनी पहिल्या टायमरवर लक्ष ठेवायला दुसरा टायमर बसवला. दोघांचं जमतंय हे कळायला एक लाल दिवा लावला. दिवा पेटलेला असला की सगळं ठीक.

"आणि दिवा पेटलाय की नाही, हे कोण बघणार?" मास्तर म्हणाले.

मग हळूहळू सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकू दिव्यासमोर बसल्या. पूर्वी सकाळचं काम उरकलं की झोप लागायची. आता डोळा मिटायची भीती. कुठे सुकं पान पडलं तरी त्यांना टक् ऐकू यायचं.

एके दिवशी साळुंकी सांगत आली, "काकू, यमूला दोन पिल्लं झाली! ती वाट बघतेय."

काकू आनंदाने रडल्या. "निघतेच. एवढं एक टक् होऊ दे."

त्या टक् नंतर आणखी एक टक् होतंच.

शेवटी यमूच आली, दोन्ही पिल्लांना घेऊन, डोंगर चढून-उतरून. तिने तारा पाहिल्या, डब्या पाहिल्या, आईचे सुजलेले डोळे पाहिले.

"आई, मला वाटलं तू आजारी पडलीस! एवढं काय काम असतं गं तुला?"

"काम?" दिव्यावरची नजर न हलवता काकू म्हणाल्या. "काम काहीच नाही. सगळं आपोआप होतं. म्हणून तर उठता येत नाही."

यमूने पिल्लं आईच्या मांडीवर ठेवली. काकूंनी एका हाताने त्यांचे कोवळे, मऊ काटे चाचपले. न बघताच.

तात्पर्य: आपोआप चालणारं यंत्र प्रत्येकाने जरूर घ्यावं, फक्त त्याच्यासमोर बसायला घरातलं एक माणूस कायमचं मोकळं ठेवावं.