बिनचिठ्ठीची माती

आमच्या दहिसरच्या शाळेतले भूगोलाचे परुळेकर सर माती खातात, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. मी मराठी शिकवायला नवीन आले होते. मधल्या सुट्टीत पोळीभाजी खात होते, आणि समोर हे गृहस्थ पुडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटून बसलेले! माझा घास हातातच राहिला.

“खारट. खाडीची आहे,” ते म्हणाले. “घ्या ना मॅडम, चाखून बघा.”

मी डबाच बंद केला.

“पुस्तक थाप मारेल, जीभ नाही मारणार,” हे सरांचं ब्रीद. आठवीची क्षेत्रभेट नदीकाठी नेली की तिथेही ते मुलांना माती चाखायला लावत. एकदा एक आई तरातरा शाळेत आली. “सर, पोरगी घरी तुळशीतली माती चाटते! वाट लावलीत तुम्ही तिची!”

“कशी लागली म्हणाली?” सरांनी विचारलं.

भूगोलाच्या कपाटात अशा ढीगभर पुड्या होत्या. माहुल, नाहूर, गोराई, प्रत्येकीवर चिठ्ठी. एकदा सर क्षेत्रभेटीला गेले असताना मुख्याध्यापकांनी मला ते कपाट आवरायला सांगितलं. मागे एका रुमालात तांबडी माती सापडली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. मी ती जिन्याजवळच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतली. शिपायाने वर शेणखत घालून सगळं कालवलं, पाणीही दिलं.

सर परत आले आणि मोकळा रुमाल बघून मटकन खाली बसले. मी घाबरून कुंडी दाखवली.

“चिठ्ठी नव्हती हो, सर.”

“आपल्याच गावाक चिठ्ठी कित्याक?” सरांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकली. “आमचो गाव धरणात गेलो. आता नकाशातय नाय. तेवढीच रवलली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोन्ही हातांनी कुंडी उपसायला लागले.

“राहू दे मॅडम, मुळं दुखावतील,” म्हणत सरांनीच वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

“तीच आहे,” ते म्हणाले. “तीच चव. काही बिघडलं नाही. तुम्ही रडू नका.”

ते वर्गावर गेल्यावर मी आजूबाजूला बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माती तोंडात घातली.

नुसतं शेणखत लागत होतं.