किडीने खाल्लेली नऊ उभी झाडे

हिरवळ-घट कारण वर्गीकरण कक्षाचे ब्रीद प्रवेशद्वारावर पितळी अक्षरांत लावलेले होते : ‘कारणाशिवाय एकही झाड जाता कामा नये.’ झाड जाता कामा नये, असे कुणीच म्हटलेले नव्हते. ते खाते वेगळे होते, तळघरात होते, आणि त्याची किल्ली सापडत नव्हती.

कक्षाचे काम साधे होते. उपग्रह दर दहा दिवसांनी डोक्यावरून जायचा आणि खालच्या जमिनीचे फोटो काढायचा. मागच्या फोटोत हिरवी असलेली जागा या फोटोत हिरवी दिसली नाही, की संगणक तिच्याभोवती लाल चौकोन काढायचा. तो चौकोन वर्गीकरण सहायकाच्या पडद्यावर यायचा आणि सहायकाने आठ सेकंदांत त्याचे कारण निवडायचे. वणवा, कीड, दुष्काळ, पूर, वादळ, वार्धक्य आणि मानवी, अशी सात कारणे होती. पूर्वी ‘माहीत नाही’ हे आठवे कारणही होते; पण ते फारच लोकप्रिय होऊ लागल्यामुळे काढून टाकण्यात आले.

चौकोनराव या खुर्चीवर अकरा वर्षे बसले होते. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण दिवसाला साडेचारशे चौकोन निकालात काढणाऱ्या माणसाला त्या नावाने हाक मारावी असे कुणाला वाटत नसे. घरी आरशात बघतानाही ते आधी चार कोपरे बघतात आणि मग वेळ उरला तर चेहरा, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

सातवे कारण, म्हणजे मानवी, निवडायला कुणाचीही मनाई नव्हती. फक्त त्यासोबत संबंधित मानवाचे संमतिपत्र, हत्यार हातात धरलेला त्याचा अलीकडचा फोटो आणि हे कृत्य त्याने शुद्धीत केल्याबद्दल दोन साक्षीदारांच्या सह्या जोडाव्या लागत. चार वर्षांपूर्वी एका नव्या सहायिकेने उत्साहाच्या भरात सात दाबला होता. मानवाला शोधायला म्हणून ती जी गेली, ती परत आलीच नाही. तिची खुर्ची मात्र नियमाप्रमाणे रोज पुसली जायची.

वणव्याला निदान धूर दाखवावा लागे, पुराला पाणी. किडीला काहीच लागत नसे. किडीचे हात वरपर्यंत पोहोचलेले नसतात, तिचा मेहुणा कुठल्या समितीवर नसतो आणि ती वकील लावत नाही. त्यामुळे कक्षाच्या नोंदींत किडीने मोठे थैमान घातले होते. विमानतळाकडे जाणारी कीड चौपदरी होती, मध्ये दुभाजक होता. टेकडीवरची एक कीड पोहण्याच्या तलावाच्या आकाराची पडली आणि पुढच्या फोटोत तिच्यात निळे पाणी आले. इतक्या शिस्तीत, काटकोनात खाणारी कीड जगाच्या पाठीवर कुठेही नाही, असे सांगत दूरदूरचे कीटकशास्त्रज्ञ येऊन प्रमुखसाहेबांशी हस्तांदोलन करून गेले. त्या भेटीचा फोटो कक्षात लावलेला होता आणि त्याला चार कोपरे असल्यामुळे चौकोनरावांना तो आवडे.

तर एका मंगळवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास, त्यांच्या पडद्यावर एक लहानसा काळपट चौकोन आला. चौकोनराव तेव्हा चष्मा पुसत होते. किडीसाठी चष्म्याची गरज पडत नसे. त्यांनी एका हाताने कीड दाबली, दुसऱ्या हाताने चष्मा नाकावर ठेवला आणि पुढचा चौकोन उघडला. तो काळपटपणा एका चुकार ढगाच्या सावलीचा होता. ढग दहा मिनिटांत निघून गेला. नोंद राहिली.

संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा इमारतीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात पन्नासेक माणसे माना खाली घालून उभी होती. त्या पट्ट्यात नऊ झाडे होती. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, ती लावली होती. आप्पा गवंडी होते. आयुष्यभर भिंती उभ्या केल्या, आता ओळंबा न लावता उभे राहील असे काहीतरी करू, म्हणून हात थकल्यावर त्यांनी नऊ रोपे आणली आणि बावीस वर्षे बादलीने पाणी घातले. त्यांतले कोपऱ्यातले एक तिरके वाढले. आप्पा त्याला ‘वाकड्या’ म्हणत आणि रोज दुपारी त्याच्याखालीच खुर्ची टाकून बसत. चौकोनरावांना वाटले, आप्पांचेच काही बरेवाईट झाले.

पण आप्पा वाकड्याखाली धडधाकट बसले होते. बाकीच्यांच्या माना फोनमध्ये होत्या. कक्षाच्या ‘आपली हिरवळ’ या ॲपने परिसरातल्या प्रत्येकाला निरोप धाडला होता : आपल्या निवासस्थानामागील नऊ झाडे किडीमुळे नष्ट झाली आहेत. हळहळ व्यक्त करण्यासाठी येथे दाबा.

“काय हो हे!” वरच्या मजल्यावरच्या काकू वाकड्याच्या बुंध्याला टेकून डोळे पुसत होत्या. “किती छान सावली होती. आता नुसत्या आठवणी.”

“काकू, झाडं आहेत,” चौकोनराव म्हणाले. “तुम्ही टेकलाय त्याला.”

“ती तर मनात राहणारच हो,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी हळहळ दाबली. रात्रीच्या जेवणाआधी दोनशे चौदा हळहळी जमल्या. इमारतीच्या सचिवांनी तर झाडांना श्रद्धांजली वाहणारा चार परिच्छेदांचा मजकूर लिहिला. दुपारी बाहेर ऊन फार, म्हणून तो त्यांनी झाडांखाली बसूनच लिहिला होता.

आप्पांनी मुलाला जवळ बोलावले. “अरे, तुझं ऑफिस म्हणतंय, मी बसलोय तिथे झाडच नाही. हे कुणी ठरवलं?”

चौकोनरावांनी फोनमधला नोंद क्रमांक पाहिला. शेवटचे तीन आकडे त्यांच्याच खुर्चीचे होते. “बघतो, आप्पा,” ते म्हणाले. “उद्या दुरुस्त करून टाकतो.”

दुसऱ्या दिवशी ते प्रमुखसाहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“चूक झाली म्हणता?”

“हो, साहेब. माझीच.”

“हे बघा, आपली अचूकता नव्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव आहे. तीन शतांश चुकीला जागा आहे, पण ती मी माझ्या निवृत्तीच्या वर्षासाठी राखून ठेवलीय. तुम्ही असं करा, झाडं पुन्हा आली म्हणून अर्ज टाका.”

चौकोनरावांनी झाडे पुन्हा आल्याचा अर्ज टाकला. संगणकाने विचारले, किती उंच? त्यांनी खरे ते भरले : चाळीस फूट. किती दिवसांत? एक. संगणकाने क्षणभर विचार केला आणि ही वाढ संशयास्पद ठरवून प्रकरण पडताळणी पथकाकडे पाठवले.

पथक सोमवारी आले. एक अधिकारी होता आणि एक टेप धरणारा. अधिकाऱ्याने हातातल्या पडद्यावर नकाशा उघडला, जागा ताडून पाहिली आणि वाकड्यासमोर येऊन थांबला.

“हे काय आहे?”

“झाड,” आप्पा म्हणाले.

“इथे झाड नाही.”

“मग तुम्ही सावलीत कसे उभे?”

अधिकारी दोन पावले बाजूला सरकून उन्हात गेला. “आता बोला.”

आप्पांनी आयुष्यात बरेच साहेब पाहिले होते, पण भिंत नाही म्हणून भिंतीला धडकणारा पाहिला नव्हता. अधिकाऱ्याने अहवालात लिहिले : ‘वृक्षरहित म्हणून नोंदलेल्या भूखंडावर नऊ अनधिकृत उंच हिरवे अडथळे आढळले. एका अडथळ्याखाली एक ज्येष्ठ नागरिक.’ टेप धरणाऱ्याने जाता जाता वाकड्याचा घेर मोजला, आणि माप नोंदवायला रकाना नसल्यामुळे ते मोठ्याने नुसते बोलून दाखवले.

शुक्रवारी अहवाल साहेबांच्या टेबलावर आला.

“नोंद आणि जमीन जुळत नाही,” साहेब म्हणाले. “महिनाअखेर जुळली पाहिजे. नोंदीची दुरुस्ती आपल्याकडे होत नाही.”

“मग?”

“जमिनीची होते. शनिवारी माणसं येतील. तुमची फक्त सही लागेल, नोंद बरोबर असल्याची.”

“साहेब, ती माझ्या वडिलांनी लावलेली झाडं आहेत. नोंद चुकीची आहे. मी बघितलंच नव्हतं, चष्मा पुसत होतो. तसं लेखी देतो.”

“द्या की. तुमचा हक्कच आहे तो.” साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “फक्त एक लक्षात घ्या. न बघता एक चौकोन दाबला असं लिहून दिलंत, की चौकशीत अकरा वर्षांचे सगळे चौकोन उघडणार. तलाव उघडेल. चौपदरी उघडेल. त्या किडीचे मालक कोण आहेत, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, आणि त्यातच आपल्या दोघांचं भलं आहे. तुमच्या धाकटीचं यंदा कॉलेजचं शेवटचं वर्ष ना?”

साहेब फार प्रेमळ माणूस होते. त्यांना सगळ्यांच्या मुलांची चौकशी असे.

घरी आल्यावर चौकोनरावांनी आप्पांना सगळे सांगितले. काही लपवले नाही.

“मला एक सांग,” आप्पा म्हणाले. “तू दाबलंस, त्याच्या आधी बघितलंस का?”

“चौकोन बघितला.”

“झाड?”

“वरून झाड दिसत नाही, आप्पा. हिरवं दिसतं.”

“पण तू तर इथे खालीच राहतोस रे,” आप्पा म्हणाले.

आप्पा रागावले असते तर बरे झाले असते, असे चौकोनरावांना वाटले. ते रात्रभर तळमळले. बायको म्हणाली, लिहून द्या, होईल ते होईल. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, पण धाकटीचं काय? त्यांनी मनातल्या मनात तो कागद सात वेळा लिहिला. सकाळी कक्षात जाऊन त्यांनी सही केली. सहीला आठ सेकंद लागले.

ते घरी परतले, तोवर दहाच्या सुमाराला माणसे आली. करवतीचा आवाज सुरू झाला तसे काही जण गॅलरीत आले. चौकोनरावांना वेडी आशा वाटली. कुणीतरी ओरडेल, कुणीतरी आडवे येईल, मग आपणही खाली जाऊ. ते कठडा घट्ट धरून वाट बघत राहिले. काकूंनी खाली पाहिले, फोनमध्ये पाहिले आणि खिडकी लावून घेतली. ती झाडे तर केव्हाच गेली होती. त्यांच्यासाठी रडून झाले होते, श्रद्धांजली वाहून झाली होती. एकाच झाडासाठी माणूस दोनदा कसा रडणार? सचिवांनी तेवढी धुळीबद्दल तक्रार केली.

वाकड्या सगळ्यात शेवटी पडला. आप्पांनी स्वतःच खुर्ची उचलून बाजूला घेतली होती, करवतवाल्यांना अडचण नको म्हणून. दुपारी ते सवयीने पुन्हा तिथेच जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने डोक्यावर टॉवेल घेऊन घरात आले. त्यानंतर ते खाली गेले नाहीत.

पुढच्या फेरीत उपग्रह डोक्यावरून गेला. चौकोनराव सकाळपासून पडद्यासमोर बसून होते. इतर चौकोन साचत होते, त्यांनी हात लावला नाही. त्यांनी ठरवून टाकले होते. हा चौकोन आला की सात दाबायचा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे सगळी कागदपत्रे तयार होती : मानव, त्याचे संमतिपत्र, बायको आणि धाकटी अशा दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि हातात माऊस धरलेला त्याचा अलीकडचा फोटो. जे व्हायचे ते होऊ दे, असे म्हणताना त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळे वाटत होते.

चौकोन आलाच नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहून त्यांनी स्वतःच ती जागा शोधून काढली आणि सात दाबला. पडद्यावर उत्तर आले : ‘या जागी कोणतीही नवीन घट आढळलेली नाही. येथील झाडे यापूर्वीच किडीमुळे नष्ट झाली आहेत. नोंद व जमीन जुळल्याबद्दल अभिनंदन.’

कक्षाची अचूकता त्या महिन्यात एक शतांशाने वाढली. चौकोनरावांना प्रशस्तिपत्र मिळाले; ते चौकोनी होते. त्यांनी ते घरी नेले नाही.

हे वाचताना तुम्हाला थोडे वाईट वाटले असेल. वाटायलाच हवे, तुम्ही संवेदनशील आहात. ते दोनशे चौदा जणही होते. तुमची हळहळ दोनशे पंधरावी म्हणून नोंदवून घेतली आहे, त्यामुळे आता उठून खिडकीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. तुमच्या खिडकीसमोर एक झाड होते. त्याचे कारण निवडून झाले आहे.